अराक्नीच्या बाजूने

आमच्या वाटूरच्या शाळेत वाहूळ मॅडम चित्रकला शिकवतात आणि मी गणित. आठवड्यात चार वेळा माझ्या तासाला लागून त्यांचा तास असतो. मी बाहेर पडतो तेव्हा त्या दारात उभ्या असतात, आणि फळ्यावरची माझी समीकरणं पुसण्याआधी वर्गाला विचारतात, "उतरवून झालं का सगळ्यांचं?" पंधरा वर्षांत हा प्रश्न त्यांनी एकदाही चुकवलेला नाही. बोलायला मऊ, चालायला हळू. त्यामुळे या बाईंनी एका अख्ख्या विद्यापीठाला तीन वर्षं जेरीस आणलं, हे गावात कुणाला सांगितलं तरी खरं वाटत नाही.

सुरुवातीलाच कबूल करतो. २०१६ साली पीएच.डी.साठी त्यांनी ग्रीक पुराणकथा आणि युरोपची चित्रकला असा विषय निवडला, तेव्हा मीसुद्धा त्यांना म्हणालो होतो, "मॅडम, हे ग्रीक कशाला? आपलं अजिंठा काय वाईट आहे?"

 त्यांना हा प्रश्न विचारणारा मी पाचवा-सहावा असेन. मला नंतर कळलं, की प्रत्येकाच्या 'आपलं'मध्ये थोडं 'तुमचं' लपलेलं असतं, आणि ते मॅडमना बराबर ऐकू येतं.

दीपमाला वाहूळ या माहेरच्या खरात, जालन्याच्या. वडील राजानंद एका कॉलेजच्या ग्रंथालयात शिपाई होते. आई कौसल्या जिनिंगमध्ये कामाला. जमिनीवर सांडलेला कापूस गोळा करायचा, त्यातला काडीकचरा निवडायचा आणि टोपल्या भरायच्या, हे तिचं काम. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा केसांवर, भुवयांवर कापसाची पांढरी लव बसलेली असायची. दीपमाला तेरा वर्षांची असताना ग्रंथालयानं जुनी पुस्तकं रद्दीत काढली, आणि राजानंदांनी ग्रंथपालांना विचारून त्यातलं एक घरी आणलं. पुठ्ठा गेलेला, पहिली पानं गेलेली, पण आत रंगीत चित्रं होती. पोरगी चित्रं काढते, तिला बघायला होतील, एवढाच त्यांचा हिशोब.

त्यातल्या एका चित्रावर ती अडकली. एका अंधाऱ्या खोलीत पाच बाया काम करताहेत. डावीकडे एक म्हातारी चरख्यावर बसली आहे. उजवीकडे एक तरुण बाई पाठमोरी, बाह्या वर केलेल्या, सुताचा गुंडा वळते आहे. मधे एक जण खाली बसून लोकर विंचरते आहे. आणि पार मागे, दोन पायऱ्या चढून वर, झगझगीत उजेडात भारी कपडे घातलेल्या काही बाया उभ्या आहेत. खाली नाव होतं ते कुठल्या भाषेतलं हेही घरात कुणाला कळेना. दीपमालानं ठरवून टाकलं, की ही सूतगिरणी आहे आणि मागच्या बाया म्हणजे मालकिणी, काम तपासायला आलेल्या.

आठेक वर्षांनी, कलाशिक्षक पदविकेच्या वर्गात, हेच चित्र पडद्यावर आलं. शिकवायला आलेल्या सरांनी सांगितलं, की स्पेनच्या राजदरबारातल्या वेलास्केस या चित्रकारानं सतराव्या शतकात हे काढलं. मागच्या उजेडात शिरस्त्राण घातलेली जी बाई आहे ती देवी अथीना, आणि तिच्यासमोर उभी आहे ती अराक्नी.

मॅडमना आधी लाज वाटली. आठ वर्षं आपण देवीला जिनिंगची मालकीण समजत होतो. मग सर पुढे म्हणाले, की दोनशेहून जास्त वर्षं मोठमोठ्या जाणकारांनीही या चित्रात फक्त विणकामाचा कारखानाच बघितला होता. त्यातली पुराणकथा पुन्हा ओळखली गेली ती विसाव्या शतकात.

"मंग मी एकटी चुकले न्हाई," मॅडम मला सांगताना म्हणाल्या, "आन् चुकले तरी पुरती चुकले न्हाई. मालकीण न्हाई तर काय होती ती?"

अराक्नीची गोष्ट मी त्यांच्याच तोंडून ऐकली, स्टाफरूममध्ये, डबा खाताना. अराक्नी म्हणजे लोकर रंगवणाऱ्याची मुलगी. कूळ मोठं नाही, गाव मोठं नाही. जे नाव झालं ते हाताच्या कामानं. तिचं विणकाम बघून लोक म्हणायचे, तुला खुद्द अथीनेनं शिकवलं असणार. ती म्हणायची, मला कुणी शिकवलेलं नाही, पटत नसेल तर देवीनं येऊन माझ्याशी पैज लावावी. देवी आली. दोघी मागावर बसल्या. अथीनेनं देवांचा थाट विणला, आणि चार कोपऱ्यांत देवांना उलटून बोलणाऱ्या माणसांची काय गत झाली ते विणलं. अराक्नीनं देवांनी बायकांना कसं कसं फसवलं ते विणलं. तिच्या कामात एक धागा चुकलेला नव्हता. ते बघून देवीनं तिचं कापड टराटरा फाडलं आणि हातातला धोटा तिच्या कपाळावर मारला. अराक्नीनं गळ्याला फास लावून घेतला. मग देवीनं तिचा जाळ्यातला कोळी केला, जन्मभर लटकत विणत राहायला.

मी म्हणालो, "म्हणजे गर्व केला म्हणून शिक्षा झाली."

मॅडमनी घास खाली ठेवला. "सर, पेपर तपासताना उत्तर बराबर असलं तर मार्क देता, का पोरगी तोंडाळ आहे म्हणून कापता?"



त्यांचा विषय याच गोष्टीतून निघाला होता. ग्रीक कथांमध्ये देवांना आव्हान देणारी माणसं बरीच आहेत. अराक्नी आहे. बासरी वाजवण्याच्या पैजेत अपोलो देवाकडून हरला म्हणून जिवंतपणी कातडी सोलला गेलेला मार्सियस आहे. युरोपच्या राजांनी, सरदारांनी या शिक्षांची चित्रं काढून घेतली आणि महालांमध्ये लावली. का लावली? आणि काढणाऱ्या चित्रकाराचं मन कुणाकडे होतं, देवाकडे की सोललेल्या माणसाकडे? मॅडमना हे शोधायचं होतं.

मार्गदर्शक मिळाल्या त्या डॉ. रूपल लोहाडे. त्याही जालन्याच्याच, पिढ्यान्‌पिढ्या व्यापारात असलेल्या जैन घरातल्या. अभ्यासू बाई, पण वाद झाला की डोकं दुखायला लागणाऱ्या. विद्यापीठाच्या समितीसमोर विषयाचा आराखडा मांडायचा होता. पहिल्या खेपेला मॅडम आत गेल्या आणि नऊ मिनिटांत बाहेर आल्या.

समितीचे अध्यक्ष प्रेमानंच बोलले होते. "मॅडम, तुमच्यासाठी अजिंठा आहे, बौद्ध शिल्पं आहेत, चळवळीतली चित्रं आहेत. त्यात तुम्ही जे लिहाल ते दुसरं कुणी लिहू शकणार नाही."

"सर, तुमचा स्वतःचा विषय काय होता?" मॅडमनी विचारलं.

"इटलीतली भित्तिचित्रं."

"आन् गाव?"

"लातूरकडचं."

"मंग तुम्हाला कुणी म्हणलं होतं का, की लातूरकडची भित्तिचित्रं घ्या म्हणून?"

 मॅडम पुढे म्हणाल्या, "माझ्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली. अजिंठ्याला मी दरवर्षी पोरांची सहल नेते. ते माझं आहे. पण जे माझंच आहे ते दुसऱ्यानं मला नेमून द्यायची गरज न्हाई."

आठ दिवसांनी कागद आला. विषयात बदल करून पुन्हा सादर करावा.

रूपल मॅडमनी समजावलं, "दीपमाला, नाव थोडं बदल. 'बौद्ध आणि ग्रीक कला' असं कर. एकदा आत शिरलीस की हवं ते लिही."

"मागच्या दारानं आत जायचं असतं तर इतकी वाट कशाला बघितली असती मॅडम?"

पुढच्या वर्षी त्यांनी तोच आराखडा दिला. स्वल्पविरामही बदलला नाही. या खेपेला एका सदस्यानं विचारलं, "तुम्हाला ग्रीक येतं का?"

"न्हाई सर. पण अराक्नीची गोष्ट आपल्यापर्यंत लॅटिनमधून आली. ग्रीक येत असतं तरी ती लॅटिनमध्येच वाचावी लागली असती."

सदस्य कागद चाळायला लागले. निकालात लिहिलं होतं, उमेदवारास मूळ भाषांचे ज्ञान नाही.

मग त्या लॅटिन शिकायला लागल्या. मोबाइलवरून, एका दोनशे पानी वहीत, आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मधल्या सुट्टीत बसून. पाठांतर घ्यायला घरी नवरा. संघपालराव महावितरणमध्ये लाइनमन आहेत. ते खुर्चीत बसून वही धरायचे आणि मॅडम क्रियापदं म्हणायच्या. चार-पाच महिन्यांनी आमच्या गल्लीत डीपी बिघडला, संघपालराव खांबावर चढले, आणि वर काम करता करता "अमो, अमास, अमात" असं गुणगुणायला लागले. खाली उभ्या लोकांना वाटलं, शॉक बसला. हे सांगताना ते स्वतःच जास्त हसतात.

पण मॅडम नुसतं लॅटिन शिकून गप्प बसल्या नव्हत्या. त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. गेल्या दहा वर्षांत या विभागानं मंजूर केलेल्या सगळ्या विषयांची यादी द्यावी. महिन्याभरानं यादी आली. चौतीस नावं. त्यातले सहा विषय परदेशी कलेवरचे. मॅडमनी नावं वाचली, कोण कुठलं याची माहिती काढली आणि यादीतल्या अकरा बौद्ध उमेदवारांना एकेक करून फोन लावले. सहा विषय ज्यांचे होते त्या सहांपैकी या अकरांत एकही नव्हता. अकरांपैकी नऊ जणांनी अजिंठा, वेरूळ किंवा बुद्धमूर्ती यांवर काम केलं होतं.

"ते काही वाईट काम न्हाई," त्या मला म्हणाल्या. "पाच जणांनी मनापासून केलंय, चांगलं केलंय. पण मी विचारलं, तुम्हाला आधी काय करायचं होतं? चौघांनी दुसरंच सांगितलं. एकाला जपानी लाकडी ठशांवर काम करायचं होतं. एक ताई म्हणाली, मला सिनेमाची पोस्टरं करायची होती.  म्हणाली, आज आठ वर्षांनी कुणी हे विचारलं."

तिसऱ्या खेपेला, २०१८ मध्ये, त्या समितीसमोर गेल्या तेव्हा आराखडा टेबलावर ठेवलाच नाही. यादी ठेवली आणि वाचायला सुरुवात केली. उमेदवार, मंजूर विषय, आणि ज्यांनी सांगायची परवानगी दिली होती त्या चौघांचा मूळ विषय.

अध्यक्षांनी मधेच थांबवलं. "मॅडम, तुम्ही समितीवर आरोप करताय का?"

"न्हाई सर. यादी तुमच्याच कार्यालयाची आहे. मी फक्त वाचून राह्यले."

"याचा तुमच्या विषयाशी काय संबंध?"

"माझा विषयच हा आहे सर. काम तपासायच्या आधी माणूस तपासायचा."

 मग सगळ्यात टोकाला बसलेल्या, मागच्या दोन्ही खेपांना तोंड न उघडलेल्या एका वयस्क सदस्यानं विचारलं, "लॅटिन किती झालं?" मॅडमनी अराक्नीच्या कथेतल्या बारा ओळी मूळ लॅटिनमधून म्हणून दाखवल्या आणि मराठीत अर्थ सांगितला. विषय मंजूर झाला, बहुमतानं. अध्यक्षांनी विरोधात मत दिल्याची नोंद आहे आणि मॅडमनी त्या नोंदीची नक्कल जपून ठेवली आहे.

पुढची पाच वर्षं काम चाललं. त्यातला एक दिवस मी डोळ्यांनी बघितला, म्हणून तो सांगतो.

राजानंद वारल्यावर कौसल्याबाई लेकीकडे वाटूरला राहायला आल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढं, शाळा तिसरीपर्यंत. आमच्या शाळेला डिजिटल वर्ग मिळाला होता आणि त्याची किल्ली माझ्याकडे असायची. एका रविवारी मॅडमनी किल्ली मागितली. चित्र मोठ्या पडद्यावर बघायचं होतं, मोबाइलवर कोपरे दिसत नव्हते. सोबत आईला घेऊन आल्या. पडद्यावर ते चित्र आलं, भिंतभर.

"माय, हे वळखू येतं का? बाबांनी आणलेल्या पुस्तकातलं."

कौसल्याबाई बाकावरून उठल्या, पडद्याच्या जवळ गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"चाक फिरून राह्यलं," त्या म्हणाल्या. "आरे दिसत न्हाईत बघ. पर ही म्हातारी काम करून राह्यली न्हाई. बोलून राह्यली." मग उजवीकडच्या पाठमोऱ्या बाईकडे बोट केलं. "ही कामाची आहे. हात बघ हिचा."

मॅडम वहीत लिहून घेत होत्या. मागच्या उजेडातल्या देवीकडे कौसल्याबाईंनी ढुंकूनही बघितलं नाही. त्या मधल्या बाईपाशी थांबल्या. लोकर विंचरणारी, खाली बसलेली, वाकलेली.

"हिचं तोंडच काढलं न्हाई गं."

"सावलीत आहे माय ती."

"सावलीत न्हाई. काढलंच न्हाई. पायाशी पडलेलं उचलून राह्यली ना ही? मंग बराबर आहे. हिच्या तोंडाकडं कोण बघतं?" आणि जरा थांबून त्या म्हणाल्या, "ही मी आहे."

मी दिवे लावले नाहीत. मॅडमचं लिहिणं थांबलं होतं.

त्या एका वाक्यावरून त्यांनी प्रबंधाचं चौथं प्रकरण पुन्हा लिहिलं. जुन्या जाणकारांनी चित्रात फक्त कामकरणी बघितल्या, नव्यांनी त्यांना ओलांडून मागची देवी गाठली, पण सगळ्यांत मधोमध बसलेल्या, चेहरा नसलेल्या बाईपाशी फारसं कुणी थांबलं नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्या कलेवरून देवीनं अराक्नीला मारलं, ती कला हिनं विंचरलेल्या लोकरीवर उभी आहे. आणि हे निरीक्षण कुणाचं, ते त्यांनी तळटीपेत लिहिलं. कौसल्या राजानंद खरात, माजी जिनिंग कामगार, जालना. प्रत्यक्ष संभाषण, वाटूर.

रूपल मॅडमचं डोकं दुखायला लागलं. "परीक्षक यावरच धरतील. मुद्दा ठेव, तळटीप काढ."

"मुद्दा माझा न्हाई मॅडम. नाव काढलं तर ती चोरी होईल."

व्हायवा २०२४ च्या फेब्रुवारीत झाली. ती सगळ्यांसाठी खुली असते, म्हणून मी रजा टाकून गेलो होतो. संघपालराव होते, आणि त्यांच्याशेजारी इरकल नेसून कौसल्याबाई. बाहेरून आलेले परीक्षक विद्वान होते, सुरुवातीचे प्रश्नही त्यांनी छान विचारले. मग त्यांनी ते पान उघडलं.

"डॉक्टरेटच्या प्रबंधात आईचा संदर्भ? हा ग्राह्य कसा धरायचा? त्यांचा या चित्राचा काय अभ्यास?"

रूपल मॅडमनी मान खाली घातली. मला वाटलं, आता बाई माघार घेतील, दुरुस्ती करते म्हणतील. पाच वर्षांचं काम एका तळटीपेवर कोण पणाला लावतं?

"सर, या चित्रावर ज्यांनी लिहिलं त्यांची चाळीस पुस्तकं माझ्या संदर्भसूचीत आहेत," दीपमाला मॅडम म्हणाल्या. आवाज रोजच्यासारखाच, वर्गात असतो तसा. "त्यातल्या एकानं तरी पायाशी पडलेली लोकर न्हाई तर कापूस बसून निवडलाय का? माझ्या आईनं सव्वीस वर्षं निवडलाय. रंगाबद्दल मी चित्रकाराला विचारते, भाषेबद्दल पंडिताला. मंग निवडण्याबद्दल निवडणारीला विचारलं तर बिघडलं कुठं?"

"पण संशोधनाची एक शिस्त असते."

"ती पाळली सर. कोण बोललं, कुठं बोललं, कधी बोललं, सगळं लिहिलंय. ती तळटीप काढायची असली तर पदवी राहू द्या. मी सोमवारपासून शाळेत आहेच."

मागे कुणाची तरी खुर्ची करकरली. परीक्षकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि ते पान पुन्हा वाचलं. मग त्यांनी पुढचा प्रश्न मार्सियसवर विचारला. तास-दीड तासानं पदवीची शिफारस झाल्याचं जाहीर केलं. दुरुस्त्या तीन होत्या, तिन्ही शुद्धलेखनाच्या.

कॅन्टीनमध्ये चहा पिताना कौसल्याबाईंनी लेकीला हळूच विचारलं, "माझं नाव राह्यलं का मंग?"

"राह्यलं."

"मला वाटलं, तो बाबा चष्मा पुसायला लागला तवा खोडतोच आता." आणि त्यांनी बशीत चहा ओतला.

आता मॅडमना ते चित्र प्रत्यक्ष बघायचं आहे. ते माद्रिदच्या संग्रहालयात आहे. मायलेकी दोघींनी पासपोर्टसाठी अर्ज केला. चौकशीला पोलीस घरी आला तेव्हा मी शेजारधर्म म्हणून साक्षीदाराच्या सहीला बसलो होतो.

"कुठं चाललात मॅडम?"

"स्पेन."

"कशासाठी?"

"एक चित्र बघायला."

तो हसला. "म्हणजे फिरायला. पर्यटन."

"न्हाई," मॅडम म्हणाल्या. "अभ्यास."

"आजींचं?" त्यानं कौसल्याबाईंकडे बघून विचारलं.

"त्यांचाही अभ्यासच."

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा म्हातारीकडे. असा काही रकाना आपल्या कागदात नसल्याचं त्यानं सांगितलं. मॅडमनी त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाल्या, रकाना नसला तर नसू द्या, पण विचारलंय तर बराबर लिहून घ्या. शेवटी त्यानं कागदाच्या कडेला, उभ्या अक्षरांत, दोघींच्या नावापुढं 'अभ्यास' असं लिहिलं. सही मी केली.